‘अंगावरून जातंय’ एवढंच सांगू नका

‘कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो, टॉनिक लिहून द्या.’ एवढं सांगून बाई उठतात. दारापर्यंत जातात, चप्पल पायात सरकवतात आणि मग मागे वळून हळूच म्हणतात, ‘आणि थोडं अंगावरून पण जातंय.’ शिरूर काय, दौंड काय, कुठल्याही दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा, खरा आजार बऱ्याचदा या दारातल्या वाक्यात असतो. तोवर पुढचा पेशंट खुर्चीत बसलेला असतो. मग चिठ्ठीवर आणखी दोन गोळ्या वाढतात आणि तपासणी राहून जाते.

यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. ‘अंगावरून जाणं’ म्हणजे पांढरं जाणं आणि ‘अंगावर जाणं’ म्हणजे पाळीत जास्त रक्त जाणं. बोलताना दोन्ही एकच होतात. ‘पिशवीचा त्रास’ म्हटलं तर गाठ, सूज, पिशवी खाली येणं, पाळीचं दुखणं, काहीही असू शकतं. लाज झाकायला हे शब्द चांगले आहेत, पण निदानाला त्यांचा उपयोग होत नाही. ‘मला नक्की काय झालंय तेच कळत नाही, चार डॉक्टर झाले,’ असं सांगणाऱ्या वाचक भगिनी अनेक आहेत. त्यातल्या बऱ्याच जणींची एकदाही आतून तपासणी झालेली नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा गुप्तरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याला बरीच वर्षं झाली, आणि शिरूर म्हणजे गडचिरोली नव्हे, हे खरंच. तरी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा: बाळंतपण सोडून तुमची आतून तपासणी शेवटची कधी झाली?

आधी घरीच नेमकं ठरवा

सगळंच पांढरं पाणी म्हणजे आजार नसतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार सुटणारं, वास नसलेलं पाणी जातं. गरोदरपणात ते वाढतं. ‘धुपणीनं’, म्हणजे पांढरं गेल्यानं, ‘हाडं झिजतात’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. हाडं त्यानं झिजत नाहीत. कंबर दुखते ती वाकून ऊस तोडल्यानं, खुरपल्यानं, रांजणगाव-कुरकुंभच्या कंपनीत आठ तास उभं राहिल्यानं, किंवा रक्त कमी असल्यानंही.

पुढच्या खुणा मात्र लक्षात ठेवा:

- दह्याच्या कवडीसारखं पांढरं आणि सोबत जबरदस्त खाज: बहुधा बुरशी. हे वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. मधुमेह पहिल्यांदा असा कळलेल्या बायका कमी नाहीत.
- पातळ, करडट पाणी आणि मासळीसारखा वास: आतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला असतो. तुमच्या अस्वच्छतेचा हा पुरावा नाही. उलट डेटॉलनं किंवा साबणानं आतून धुणाऱ्यांना हे जास्त होतं.
- पिवळं-हिरवं, फेसाळ, आग होणारं पाणी: यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तुम्ही एकट्यानं घेतलं तर महिनाभरात पुन्हा तेच.
- पाण्यासोबत ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं: गर्भाशय आणि नळ्यांपर्यंत जंतू गेलेले असू शकतात. हे आठवडाभर अंगावर काढायचं दुखणं नाही.
- संबंधानंतर लाल डाग: गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यायलाच हवं.
- खाली काहीतरी उतरल्यासारखं, बसताना टोचल्यासारखं, संध्याकाळी वाढणारं: अंग बाहेर येण्याची सुरुवात.
- खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी निसटणं: हा स्नायूंचा त्रास आहे, वयाची शिक्षा नव्हे.
- पाळी गेल्यानंतर बाहेरच्या भागाला सतत खाज, कातडी पांढरट आणि पातळ होणं: हा बहुतेक वेळा कातडीचा आजार असतो. जंतूंच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी तो जात नाही.

ही यादी स्वतःचं निदान करायला दिलेली नाही. दोन प्रकार एकत्रही असतात. डॉक्टरांसमोर तोंड उघडायला शब्द मिळावेत एवढ्यासाठी ती आहे.

बोलवत नसेल तर लिहून न्या

एका कागदावर पाच-सहा ओळी पुरतात. केसपेपरबरोबर ती चिठ्ठी पुढे करा. समोर पुरुष डॉक्टर असले, बाकावर गावातली बाई बसलेली असली, तरी चिठ्ठी कुणाला ऐकू जात नाही. उदाहरणार्थ:

‘वय ३८. बाळंतपणं दोन, दोन्ही साधी. चार महिन्यांपासून पिवळसर पाणी जातं, वास येतो. संबंधानंतर दोनदा लाल डाग दिसला. शेवटची पाळी ३ तारखेला आली. मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. शुगर कधी तपासली नाही. आतून तपासायला माझी तयारी आहे.’

शेवटची ओळ आवर्जून लिहा. बाई नको म्हणतील या संकोचानं काही डॉक्टर तपासणीचं नावच काढत नाहीत. दोघंही लाजतात आणि निदान मध्ये अडकतं.

जास्त रक्त जात असेल तर दोन महिने कॅलेंडरवर खुणा करा: किती दिवस, दिवसाला किती पॅड किंवा घड्या, गाठी पडतात का. दूध, गॅस आणि वारीच्या तारखा त्याच कॅलेंडरवर असतात, तिथेच एक टिंब पुरेल. ‘लई जातं’ ऐकून डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो. ‘नऊ दिवस, रोज सहा पॅड’ म्हटलं की औषध ठरतं.

जायचं कुठं

पहिली पायरी गावातच आहे. आशाताईंना सांगायला संकोच वाटत असेल, कारण त्या शेजारच्याच असतात, तर उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. तिथून ई-संजीवनी या सरकारी ॲपवर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मोबाइलवर बोलता येतं. घरच्या फोनवरूनही हे ॲप फुकट चालतं. नुसतं विचारायचं असेल तर १०४ हा सरकारी आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आहे. मात्र फोनवर मिळतो तो सल्ला. तपासणीला जावंच लागतं.

- शिरूर तालुका: शिरूरचं ग्रामीण रुग्णालय. तिथून पुढे औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पुण्याचं ससून.
- दौंड तालुका: दौंडचं उपजिल्हा रुग्णालय, यवतचं ग्रामीण रुग्णालय. पुढे ससून. दौंड, पाटस, केडगाव, यवतच्या बायकांना ते सोयीचं पडतं, कारण पुणे स्टेशनवर उतरून चालत जाता येतं.

स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात हे निघण्याआधी विचारून घ्या. दिवसाचा खाडा करून गेल्यावर ‘मॅडम आज नाहीत’ ऐकलं की बाई पुढचे सहा महिने फिरकत नाही. आणखी एक गोष्ट: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते. त्या दिवशी गर्दी उसळते. तुम्ही दुसरा दिवस धरा.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळे त्यात येतात. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यानं तिथे थोडी फी लागू शकते. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्रांकडे चौकशी करा. कंपनीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआयसी कापलं जात असेल तर बिबवेवाडी आणि चिंचवडची रुग्णालयं तुमच्या हक्काची आहेत. ठेकेदार कार्ड देत नसेल तर पगाराच्या स्लिपवरचा विमा क्रमांक शोधा.

मोठ्या सरकारी दवाखान्यांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. गुप्तरोग आणि जननमार्गाच्या जंतुसंसर्गाची तपासणी, समुपदेशन आणि औषधं तिथे फुकट मिळतात. औषधांची पाकिटं रंगानं ओळखली जातात: पांढऱ्या पाण्यासाठी हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं. पाळी चुकली असेल किंवा गरोदरपणाची शंका असेल तर पाकीट घेण्याआधी ते सांगा.

आतून तपासणी म्हणजे काय

सगळ्यात जास्त भीती हिचीच, आणि सांगितलं मात्र जात नाही काहीच. म्हणून जरा सविस्तर.

आधी लघवी करून यायचं. टेबलावर पाय दुमडून झोपायचं, वर चादर असते. डॉक्टर चोचीसारखं एक उपकरण अलगद आत घालून उघडतात, म्हणजे गर्भाशयाचं तोंड डोळ्यांना दिसतं. गरज असली तर कापसाच्या काडीनं पाण्याचा नमुना घेतात. मग हातमोजा घालून दोन बोटं आत आणि दुसरा हात पोटावर ठेवून पिशवीचा आकार आणि दुखरी जागा पाहतात. सगळं मिळून पाचेक मिनिटं. ताण जाणवतो, पण कळ येऊ नये. आली तर ‘थांबा’ म्हणा, थांबलंच पाहिजे. तोंडानं श्वास सोडत राहिलं की अंग सैल पडतं.

आदल्या दोन दिवसांत आत मलम किंवा गोळी ठेवू नका, आतून धुऊ नका, संबंध टाळा. सोनोग्राफीला मात्र उलटं: पोटावरून करायची असेल तर भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. या दोन सूचनांची गल्लत होऊन परत पाठवलेल्या बायका दर आठवड्याला भेटतात.

लग्न न झालेल्या मुलींची शक्यतो आतून तपासणी करत नाहीत. बाहेरून पाहणं आणि पोटावरून सोनोग्राफी यांवर बरंच भागतं. आयांनो, मुलीला खाज आहे म्हणून तिच्यावर संशय घेऊ नका. बुरशी लग्नपत्रिका विचारत नाही.

तिशी ओलांडली असेल तर याच वेळी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची चाचणी मागून घ्या. सरकारी केंद्रात पातळ केलेलं व्हिनेगर लावून पाहतात, संशयित जागा पांढरी दिसते. मोठ्या ठिकाणी पॅप किंवा एचपीव्ही चाचणी होते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या साथीनं १,३१,७४६ बायकांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर वापरला गेला. ज्यांच्यावरून तो निघाला त्या शेतात राबणाऱ्या आपल्याच मराठी बायका होत्या.

रिपोर्टातले घाबरवणारे शब्द

सोनोग्राफीचा कागद घरी येतो आणि शेजारचा बारावी सायन्सवाला तो वाचून दाखवतो. तिथून घबराट सुरू होते.

‘बल्की युटेरस’ म्हणजे पिशवी थोडी मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. हे आकाराचं वर्णन आहे, आजाराचं नाव नव्हे. ‘इरोजन’ला आपल्याकडे ‘तोंडाला जखम’ म्हणतात. पुष्कळदा ती जखम नसते, आतलं लालसर अस्तर बाहेरच्या बाजूला आलेलं असतं. कॅन्सरची चाचणी ठीक आली आणि त्रास नसला तर त्याला हात लावायची गरज नसते. ‘नाबोथियन सिस्ट’ हे श्लेष्माचे निरुपद्रवी फोड. अंडाशयात दोन-तीन सेंटीमीटरची साधी पाण्याची गाठ पाळी चालू असलेल्या बाईत एक-दोन महिन्यांत बहुतेक वेळा आपोआप जाते. पुन्हा सोनोग्राफी करून पाहणं, एवढाच त्यावरचा इलाज.

यातला एखादा शब्द दाखवून कुणी ‘पिशवी सडलीय, कॅन्सर होईल’ म्हणालं, तर पर्स उचला आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

‘पिशवी काढून टाका’ म्हटलं तर

हंगामात शिरूर-दौंडच्या कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांतल्या कित्येक बीडकडच्या. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हे २०१९ साली पुढे आलं तेव्हा राज्य हादरलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जातात, मग पाळीच नको, असा तो हिशेब. पण पांढरं पाणी, कंबरदुखी, भीती या कारणांनी पिशवी गमावणाऱ्या बायका टोळीतल्याच असतात असं नाही. बागायतदारांच्या घरातही त्या आहेत.

पिशवी काढणं कधी योग्यच असतं: कॅन्सर, फार मोठ्या गाठी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव. पण साध्या पांढऱ्या पाण्यावर तो उपाय नाही. चाळिशीच्या आत, विशेषतः अंडाशयांसकट काढली, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो आणि हाडं व हृदय दोन्हींना झळ लागते. हाडं झिजायची भीती धुपणीपेक्षा इथे खरी आहे.

होकार देण्याआधी हे विचारा:

- माझ्या आजाराचं नाव काय? ते चिठ्ठीवर लिहून द्या.
- गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल, फक्त गाठ काढणं, यांतलं काय करून पाहता येईल? माझ्या बाबतीत का चालणार नाही?
- आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का? वय चाळिशीच्या पुढे आणि रक्त जास्त जात असेल तर हे आधी व्हायला हवं.
- अंडाशय ठेवणार की काढणार?
- दोन महिने थांबलं तर काय बिघडेल?

अंग बाहेर येत असेल तरी लगेच ऑपरेशनच हवं असं नाही. सुरुवातीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करता येतो. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात तेच दहा मोजेपर्यंत आवळायचे, सोडायचे, दिवसातून तीन वेळा. तीनेक महिने नेमानं केलं तर फरक पडतो. खोकताना निसटणाऱ्या लघवीवरही हाच पहिला उपाय. उतारवयात किंवा ऑपरेशन झेपणार नसेल तर आत बसवायची रबराची किंवा सिलिकॉनची रिंग मिळते. तिचं नाव फारसं कुणी काढत नाही, म्हणून तुम्ही काढा.

सही तुमची, कागद तुमचे

सज्ञान बाईच्या शरीरावरच्या उपचारासाठी तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही तिची जागा घेऊ शकत नाही, सासूची नाही, आईचीही नाही. दिल्लीच्या समीरा कोहली यांच्या प्रकरणात दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले होते. सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला: तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती होत नाही. म्हणून सही करण्याआधी फॉर्मवर काय लिहिलंय ते मराठीत वाचून घ्या. कोऱ्या जागेखाली सही करू नका. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं केलेली मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी लागू करावीत, असंही याच न्यायालयानं ५ एप्रिल २०२३ रोजी सांगितलं आहे.

पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत एक बाई असण्याचा तुम्हाला हक्क आहे. राज्यातल्या खासगी रुग्णालयांना २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते, त्यातही हे आहे. पडदा नसेल तर मागा. तुमचा त्रास दुसऱ्या पेशंटसमोर मोठ्यानं विचारला जात असेल तर ‘आत सांगते’ म्हणा. दाखल झाला असाल तर कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत. ती एका पिशवीत नीट ठेवा, कापडाच्या.

थांबायचंच नाही, अशा वेळा

- तासाला एक पॅड भिजतोय, चक्कर येतेय.
- पाळी चुकलीय आणि पोटाच्या एका बाजूला अचानक जोरात कळ: गर्भ नळीत असू शकतो. १०८ ला फोन करा.
- ताप, ओटीपोटात असह्य दुखणं आणि घाण वासाचं पाणी, विशेषतः बाळंतपण किंवा गर्भपातानंतर.
- बाहेर आलेलं अंग आत जात नाही, लघवी तुंबलीय.
- पाळी जाऊन वर्ष झालंय आणि पुन्हा लाल दिसलं. एक थेंब असला तरी. दुखत नाही म्हणून सोडू नका. या आठवड्यात दाखवा.

औषध संपलं आणि त्रास तसाच

इथे बहुतेक जणी डॉक्टर बदलतात. नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो आणि तीच गोळी वेगळ्या नावानं देतो. त्याऐवजी त्याच डॉक्टरांकडे जुनी चिठ्ठी घेऊन परत जा आणि सांगा: ‘ही औषधं सांगितल्याप्रमाणे पूर्ण घेतली, ह्यांनीही घेतली किंवा घेतली नाहीत, त्रास इतका कमी झाला, इतका राहिला. आता नमुना तपासायला पाठवता का?’ नवऱ्यानं औषध घेतलं नसेल तर ते लपवू नका, निदान तिथेच चुकतं. घरी सांगायला जड जात असेल तर डॉक्टरांनाच म्हणा, ‘ह्यांना तुम्ही सांगा.’ सुरुवातीला दोघांनी एकत्र औषध घेतलं तर जंतूंचा ठपका कुणावर ठेवायचा हा वादच उरत नाही.

मेडिकलमधून स्वतः मलम घेत असाल तर तेवढं थांबवा. बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस खाज दबते आणि आठवड्यानं दुप्पट होऊन येते. घेतलेलं असेल तर रिकामी ट्यूब फेकू नका, तपासणीला जाताना पर्समध्ये टाका.